तिठ्यावरची पहिली चूल

लालबाग, मुंबई
रविवार, १९ फेब्रुवारी १९५६

चि. शेवंतीस दादाचा आशीर्वाद, आणि आयेच्या पायांवर डोकं.

शेवंते, हे पत्र नेहमीसारखं दुकानात गिऱ्हाइकांसमोर वाचू नकोस गो. घरात ने, कडी घाल, मग आयेला हळू वाचून दाखव.

मी बरा आहे. गेल्या महिन्यात इथे गोळ्या चालल्या तेव्हा खोलीतच होतो. मोर्चाला जातो, खोटं कशाला बोलू? मुंबई आपली म्हणून ओरडून घसा बसलाय. सुके बांगडे पोचले.

आता खरं ते सांगतो. आपल्या तिठ्यावर एस.टी. थांबावी म्हणून इथलं आपलं गावकरी मंडळ अर्ज करतंय. सोबत गावाचा इतिहास जोडायचा. अक्षर माझं बरं, म्हणून अध्यक्ष अप्पा सांगणार आणि मी उतरवणार. 'या माळावर अप्पांच्या आजोबांनी वस्ती बसवली.' लिहिलं. 'मग लोहार आला, भाताची गिरण आली, शाळा झाली.' लिहिलं. 'पिंपळाखालची जागा मोकळी आहे, शेड तिथे बांधावी.'

तेही लिहिलं. पिंपळाखाली आपलं दुकान आहे, हे मला ठाऊक नव्हतं काय?

म्हटलं, "अप्पा, तिथे आमची आये बसते. सगळ्यांच्या आधीपासून."

"अरे, उताऱ्यावर जगलेल्या बाईचं नाव सरकारी कागदावर घालू?"

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. मंडळाच्या त्या खोलीत वळकटी पसरायची ती अप्पांच्या मर्जीने, म्हणून हसलो. महाराष्ट्राच्या नावासाठी लाठी खाईन म्हणणारा मी! थू माझ्या जिण्यावर.

आये, लहानपणीही मला लाज वाटायची. लोक दृष्ट उतरवून नारळ, भात तिठ्यावर ठेवायचे आणि मागे न बघता पळायचे. बाबा गेल्यावर तू तो नारळ उचलून फोडलास, आम्हांला भरवलास. आपल्याला काही झालं नाही, हे लोकांनी बघितलं, तेव्हा कुठे त्या जागेची भीती मोडली. मग गाडीवाले तुझ्या चुलीपाशी चहाला थांबायला लागले. बैलांच्या पायांना नाल हवी, म्हणून लोहार आला. गाव असं झालं. बाकी सगळं अप्पांचं पुराण.

आज सह्या होत्या. मी पिंपळाची ओळ खोडली, वर लिहिलं, 'इथे पहिली चूल जाईबाईची,' आणि सही केली. अप्पांनी वळकटी बाहेर फेकली. हे जिन्यात बसूनच लिहितोय.

अप्पा नवा कागद दुसऱ्याकडून लिहून घेतील. जागा बघायला साहेब येईल, तेव्हा खरं बोलणारं कुणीतरी तिथे हवं. म्हणून शेवंते, वर सांगितलं ते विसर. कडी काढ. आयेला पिंपळाखाली बसव, लोहाराला हाक मार, आणि हे पत्र पहिल्यापासून मोठ्याने वाच. मी हसलो, तेही वाच. गाळू नकोस.

पत्ता सध्या नाही.

उताऱ्याच्या नारळावर वाढलेला,
जाईबाईचा लवू