नोंदवहीतला दीर्घ उकार

प्रिय दीर्घे,

संबोधनाचं रूप तपासत बसू नकोस, बरोबर आहे. छापखान्यात मालकांनी उंचीवरून तुला दीर्घ आणि मला ह्रस्व म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तूच सुनावलं होतंस की मी स्त्रीलिंगी आहे, दीर्घा म्हणा.

बावीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला पहिला प्रश्न पडेल तो हा, की याला पत्ता दिला कुणी? तू नाही दिलास. नोकरी सोडताना मी मागितला होता. तेव्हा मुद्रितांचा गठ्ठा बांधता बांधता तू म्हणालीस, "द्यायचा असता तर मागावा लागला असता का?" या वाक्याचा अन्वय मी नाना प्रकारे लावून पाहिला. अर्थ एकच निघाला, म्हणून तुला शोधलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो. पुढे मला चोर म्हणशील, पण निदान जुना चोर म्हणणार नाहीस.

छापखाना बंद झाला. तिथे आता व्यायामशाळा आहे आणि आपलं टेबल होतं त्या जागी लोक जागच्या जागी धावतात. आपण तरी काय वेगळं करत होतो म्हणा. त्या टेबलाचा एक पाय आखूड होता. तू त्याखाली माझ्या लेखाचं मुद्रित घडी करून घातलं होतंस. लेखाला आधार नाही, निदान टेबलाला तरी होईल, असं वर ऐकवलंसही. तू मूळ प्रत मोठ्याने वाचायचीस, मी मुद्रितावर पेन्सिल फिरवायचो. विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची तुला इतकी सवय, की जिना उतरताना म्हणायचीस, "चल स्वल्पविराम उशीर झाला पूर्णविराम." मी अजूनही वाक्य संपवताना तुझ्याच आवाजात संपवतो.

आता मी जुन्या पुस्तकांचं दुकान चालवतो. साथ आली आणि सरकारने फर्मान काढलं, की दुकानात येईल त्याचं नाव, पत्ता, फोन आणि वेळ नोंदवून घ्या. कुणी आजारी निघालंच, तर त्या वेळी तिथे असलेल्यांना कळवता यावं म्हणून. हेतू चांगलाच. पण वही गल्ल्यावर उघडी, आणि मागचा माणूस पुढच्याचं सगळं वाचणार. एका बाईंना तर तिसऱ्या दिवशी अनोळखी फोनवरून निरोप आला, तुमचं अक्षर फार सुंदर आहे. त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. मग मी वहीवर एक पुठ्ठा बसवला. एक ओळ दिसेल एवढीच फट, आणि रकान्यांची नावं पुठ्ठ्यावरच. शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने सवलतीची जाहिरात धाडायला नंबर उतरवून मागितले. लोकांनी ते सरकारला दिलेत, मी नुसता हमाल, असं सांगून त्याला वाटेला लावलं. त्या दिवशी मी फार ताठ चालत होतो.

गेल्या मंगळवारी अकराच्या सुमारास एक उंच बाई आल्या. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, चष्म्यावर वाफ. एक कोश घेतला, वहीत लिहिलं, गेल्या. दुपारी पुठ्ठ्याकडे लक्ष गेलं. मी घाईत 'दुरध्वनी' लिहिलं होतं. त्यातला उकार कुणीतरी पेन्सिलीने दीर्घ केला होता. मागे रांग ताटकळत असताना सरकारी नोंदवहीतला उकार दुरुस्त करणारं माणूस मला एकच माहीत आहे. मी पुठ्ठा उचलला. नाव तुझंच, आडनाव नवं होतं. पत्ता पुलापलीकडचा, बसचे चार थांबे.

तो पत्ता तू मला दिला नव्हतास, सक्तीपोटी सरकारला दिला होतास. हे कळत असूनही तो मला पाठ झाला. म्हणून शुक्रवारी वह्या आरोग्य कार्यालयात जमा करायचा हुकूम आला, तेव्हा मी तुझी ओळ काळ्या शाईने पुरती बुजवली. तुला कार्यालयापासून वाचवलं अशी मनाची समजूत घातली. खरं तर माझ्यापासून वाचवायचं होतं.

आज सकाळी कार्यालयातून फोन आला. मंगळवारी त्याच तासात दुकानात आलेले एक निवृत्त मास्तर रुग्णालयात आहेत. तुझ्या शेजारीच कपाटाशी ते अर्धा तास खोकत उभे होते. बाकी सगळ्यांना कार्यालय कळवतंय. एक ओळ वाचता येत नाही, ती कुणाची, असं विचारत होते. विचारून सांगतो, म्हणालो. म्हणजे तुला कुणीच कळवणार नाही, आणि ते माझ्यामुळे. फोन केला असता, पण मला श्लोक लक्षात राहतात, आकडे राहत नाहीत. मी घरात बंद आहे. थोरली बहीण दाराबाहेरून हा लिफाफा उचलेल आणि बेल न वाजवता तुझ्या पेटीत टाकेल. तपासणी आजच करून घे. कार्यालयाचा नंबर मागे लिहिला आहे, त्यांना नाव सांगायचं की नाही ते तू ठरव. मी सांगणार नाही. तपासणीत काय निघालं ते मला कळवावंस, असा कुठलाही नियम नाही. मी परिपत्रक दोनदा वाचलं.

तुझाच,
ह्रस्व