ओव्हनचं दार ओढू नकोस

गजेंद्र,

आईंना धाप लागलीय, त्यांना दवाखान्यात नेतेय. खालच्या विजयलक्ष्मी मामी गाडी काढताहेत. तुला चार फोन केले, पण शिफ्टमध्ये तुझा फोन लॉकरमध्ये असतो, म्हणून ही चिठ्ठी.

ओव्हन मी बंद केलाय, पण पूर्ण गार झाल्याशिवाय दाराचं लॉक सुटणार नाही. ओढू नकोस. खिडक्या उघड्याच राहू देत.

"तुला साधा ओव्हन स्वच्छ ठेवता येत नाही," असं म्हणून सकाळी तणतणत ते आतली घाण जाळून टाकणारं सेल्फ-क्लीन लावलंस आणि कारखान्याची श्रीपेरुंबुदूरची बस गाठलीस. आत एकदा डोकावायला काय झालं होतं? आपल्याकडे ओव्हन म्हणजे भांड्यांचं कपाट! आईंचा नॉनस्टिक तवा आणि डब्यांची प्लास्टिकची झाकणं आतच होती. त्यात एसीसाठी सगळ्या खिडक्या बंद.

मी भाजी घेऊन आले तर घरभर धूर आणि आई पदर नाकाला लावून ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसलेल्या. बाहेर का नाही आलात, म्हणून ओरडलेच मी. तर म्हणाल्या, "गजूनं लावलाय ना, तो येईपर्यंत कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

तू संध्याकाळी सातला येणार होतास.

अलकनंदा