यांच्या नावाचा दिवा

आई, तुला लिहिता येत नव्हतं आणि मलाही येत नाही, म्हणून हे पत्र कसं होतंय ते आधी सांगते. नातीने तिचा जुना फोन दिलाय, त्यात माईकचं चित्र आहे. ते दाबून मी बोलते आणि तो लिहितो. काय लिहितो देव जाणे. मला वाचता येत नाही आणि तुलाही येत नव्हतं, त्यामुळे चुका कोण काढणार.

डोंबिवली सोडून आम्ही आता घोडबंदर रोडला राहतो, इतक्या वर की खालची माणसं तांदळातल्या किड्यांसारखी दिसतात. तुझ्या नातवाने घर आवाजावर चालणारं करून घेतलंय. बोललं की दिवा लागतो, बोललं की पंखा फिरतो. फक्त कुठल्या खोलीतला ते सांगावं लागतं, म्हणून प्रत्येक खोलीला नाव. राहायला आलो त्या दिवशी तो मला माझ्या खोलीत घेऊन गेला आणि म्हणाला, "आई, तुझ्या खोलीला बाबांचं नाव दिलंय. दिवा लावताना रोज त्यांचं नाव निघेल घरात." डोळे भरून आले होते त्याचे. अशा वेळी माणूस काय बोलणार? मी म्हटलं, "छान केलंस रे."

आता तूच आठव. लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी आलेय. आंबिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात तू भाकऱ्या थापतेयस, मी उंबऱ्याशी बसून चहा पितेय. शेजारची काकू बाहेरून विचारते, "पोरीला सोडायला कोण आलं गं?" आणि मी भोळेपणाने यांचं नाव सांगून मोकळी. तू उठलीस आणि पिठाचा हात तसाच माझ्या तोंडावर दाबलास. पीठ नाकात गेलं, मी शिंकतेय आणि तू म्हणतेस, "शिंक हवी तेवढी, पण नाव घेऊ नको. आपण घेतलं की त्यांचं आयुष्य उणं होतं." उखाण्यात चालतं, तेवढं देव मोजत नाही, हेही तूच सांगितलंस. आणि बोललीस तशी वागलीस. आपल्या दूधवाल्याचं नाव बाबांचंच, तर तू त्याला जन्मभर 'अहो म्हशीवाले' म्हणालीस. म्हैस मेली, त्याने किराणा टाकला, तरी तो म्हशीवालेच. मी मुकाट मानलं. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रात उभी राहून पोळ्या लाटल्या. तिथल्या बायका नवऱ्यांना नाव घेऊन शिव्या घालायच्या, मी 'अहो'च्या पुढे गेले नाही. तरी तुझे जावई गेलेच. एवढं जपून ठेवलेलं आयुष्य मधल्या मधे कुणाला मिळालं कोण जाणे.

इथे भिंतीवर बटणं नाहीत, एक काळी काच आहे आणि तिच्यावर चित्रं. तव्याशी खेळून माझी बोटं अशी राठ झालीयत की काचेला ती बोटं वाटतच नाहीत. एकदा पेराने दाबून पाहिलं तर एसी लागला, बंद कुठून करायचा कळेना, संध्याकाळपर्यंत गोधडी पांघरून बसले. म्हणजे उरला आवाज. त्या यंत्रात एक बाई आहे. आधी तिला हाक मारायची, मग काम सांगायचं. तिचं नाव घ्यायला माझी काही हरकत नाही, ती कुणाचा नवरा नाही. पण पुढे? मी म्हणते, "अगं, यांचा दिवा लाव." ती म्हणते, "माफ करा, समजलं नाही." "आतल्या खोलीतला लाव." "माफ करा." "माझ्या मुलाच्या वडलांचा लाव." "माफ करा." इतकी माफी माझ्या सासूने उभ्या जन्मात मागितली नाही.

मग मी अंधारात बसून राहायचे. घरातले ऑफिसातून यायचे आणि विचारायचे, अंधारात का? पहिल्यांदा म्हटलं, डोळ्यांना बरं वाटतं. नंतर सून म्हणाली, "अहो आई, किती सोपं आहे, नुसतं बाबांचं नाव घ्यायचं." मी आपलं सुटका करून घ्यायला म्हटलं, "लक्षात राहत नाही गं." झालं. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं, आणि तुझा नातू मला ठाण्याला डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टरीण नातीच्या वयाची. आज वार कुठला? सांगितला. सकाळी काय खाल्लं? उपमा, आणि त्यात मीठ कमी होतं तेही सांगितलं. "छान. आता आजोबांचं नाव सांगा बरं." मी म्हटलं, "यालाच विचारा ना, याचेच वडील ते." ती हसली, आणि हसता हसता काहीतरी लिहून घेतलं. तुझा नातू हसला नाही.

येताना गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. "आई, खरं सांग, आठवत नाही का?"

"आठवतं रे. घेत नाही."

"कोण पाळतं आता असलं? आणि बाबा आहेत का आता?"

"नसू देत."

"बरं, आत्ता घे. काचा बंद आहेत. मी आणि तू."

मी तोंड उघडलं. आई, शपथेवर सांगते, उघडलं होतं. जीभच उचलेना. पुढची गाडी हलली, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी तो माझ्या तोंडाकडे बघतोय. मग म्हणाला, "असू दे. आइस्क्रीम खायचं का?" आणि घरी आल्यावर ठरलं, सोमवारपासून दिवसभराची बाई येणार. मला एकटं ठेवायचं नाही, गॅस चालू राहील, दार उघडं राहील. अख्ख्या डोंबिवलीला पोळ्या खायला घातल्या आणि आता गॅसपाशी उभं राहायची बंदी.

रविवारी संध्याकाळी सगळे लग्नाला गेले. मी ठरवलं, ते येतील तेव्हा खोलीत दिवा लागलेला हवा, मग बघू बाई कशी येते. आधी उखाणा जुळवला. यंत्रातल्या बाईला हाक मारली आणि म्हटलं, "घोडबंदर रोडवर गाड्यांची दाटी..." पुढे नाव येणार एवढ्यात ती म्हणते, ठाण्याला पोचायला पाऊण तास लागेल. कोण निघालंय ठाण्याला! दुसऱ्यांदा घेतला, तरी तेच.

घरात कुणी नव्हतं, तरी मी दार लावून घेतलं, डोक्यावरून पदर घेतला आणि नाव घेतलं. मागे राव नाही, पुढे यमक नाही, नुसतं नाव. माझाच आवाज मला परका वाटला.

बाई म्हणाली, "या नावाचं या घरात काही नाही."

मला वाटलं हळू बोलले. परत घेतलं, चाळीत पोरांना जेवायला हाका मारायचे तसं.

"या नावाचं या घरात काही नाही."

ते आले तेव्हा मी अंधारातच. तुझा नातू म्हणाला, "अगं, सांगायचंच राहिलं. तुला आठवायला जड जातं ना, म्हणून सकाळी नाव बदललं. आता नुसतं 'आजीची खोली' म्हण." मी म्हटलं. दिवा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नातीने गालाचा पापा घेतला. मी म्हटलं, "मग आता बाई नको." तो म्हणाला, "राहू दे गं, तुलाच सोबत." मी नाव घेतलं होतं हे ओठांवर आलेलं. पण तो म्हणाला असता, घेतलंस तर आत्ता घे, आणि सगळ्यांच्या देखत मला ते जमलं नसतं. म्हणून ते ओठांवरच राहू दिलं.

बाई येते आता. गुणी आहे, गॅस मला लावू देत नाही. नात सांगत होती की शेवटी फोनवर एक बाण दिसतो, तो दाबला की पत्र जातं. मी काही दाबणार नाही. इथे बोलतानाही बघ, त्यांचं नाव कुठे आलेलं नाही, तुझ्यापुढे अजून धीर होत नाही. पण दुपारी हॉलमध्ये बाईचा डोळा लागतो तेव्हा मी दार लोटून घेते आणि नाव घेते. रोज. दिव्यासाठी नाही, भर दुपारी दिवा कशाला लागतो. यंत्रातली ती म्हणते, या नावाचं या घरात काही नाही. मी म्हणते, माहीत आहे गं मला.