पाटावरचं पिस्तूल

श्रूजबरी
१० नोव्हेंबर २०२५

चि. मोरेश्वर यास,

शुभावहिनीचे अनेक आशीर्वाद. आज ते द्यायची मुळीच इच्छा नाही, पण मी लग्न होऊन आले तेव्हा तू नववीत होतास. तेव्हापासूनची सवय एका पत्रात मोडत नाही.

शनिवारपासून तू सात वेळा फोन केलास. मी मुद्दाम उचलला नाही. फोनवर आपण दोघंही ओरडतो आणि मग तुला नेमकी मीटिंग आठवते. कागदावर तुला मध्येच उठून जाता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. उत्तरही कागदावरच पाठव. आणि पाकिटावर माझ्या नावामागे गं. भा. लावलंस तर न उघडता परत करीन.

मंडळाच्या हॉलमध्ये परवा ह्यांची शोकसभा झाली. तू बावीस मिनिटं बोललास. तुझ्या दादाने किती पूल बांधले, शब्दकोडी कशी झटपट सोडवली, नाट्यगीतांचा किती शौक होता, सगळं सांगितलंस. नाट्यगीतं? हे आंघोळीतसुद्धा गुणगुणत नसत. शेहेचाळीस वर्षं मी ह्यांच्याबरोबर काढली, तू बहुधा दुसऱ्याच कुणाला श्रद्धांजली वाहिलीस.

पेनसिल्व्हेनियापासून वायोमिंगपर्यंतच्या जत्रांत ज्या माणसाला लोक लाइटनिंग ट्रिम म्हणून ओळखत, त्याबद्दल एक अक्षर नाही. पालथ्या पंज्यावर सुपारी ठेवायची, हात झटकन खाली घ्यायचा आणि सुपारी जमिनीवर पडायच्या आत कमरेचं पिस्तूल उपसून समोरचा फुगा फोडायचा, हे ह्यांनी हजारो लोकांसमोर केलं. गोळी मेणाची असायची, हेही तुला ठाऊक होतं. पस्तीस वर्षांत कुणाला साधं खरचटलं नाही. पण तू फोटोसुद्धा गळ्यापर्यंत कापलास, कमरेचा पट्टा दिसू नये म्हणून. वर हॅट उरली, तर ती पुसून तिथे निळं आकाश भरलंस. कॉम्प्युटर शिकायला ह्यांनीच तुला पैसे पाठवले होते, त्याचं असं सार्थक झालं.

आणि वॉल्टर? ह्यांच्या झटपट पिस्तूल उपसण्याच्या क्लबचा सेक्रेटरी, ऐंशी वर्षांचा माणूस, तीन तास गाडी चालवून दोन मित्रांना घेऊन आला. तुमच्या कार्यकर्त्यांनी तिघांना हॅट्स काढायला लावल्या आणि चपलांच्या स्टँडजवळ बसवलं. त्याला दोन शब्द बोलायचे होते. यादी भरली आहे असं त्याला सांगण्यात आलं. सांगणारा तूच होतास, मी पाहिलं.

इतकं गिळून घरी आले. देवाखालचं कपाट उघडलं तर पिस्तुलाची पेटी नाही. पट्टा आहे, पाट आहे, पेटी नाही. दसऱ्याला ह्यांनी त्याच पाटावर पिस्तुलाची पूजा केली, आणि त्यानंतर बारा दिवसांनी हे गेले. तेराव्याला निरांजन शोधतो म्हणून ते कपाट तू उघडलं होतंस. मला आंधळी समजू नकोस.

ती पेटी मला हवी आहे. सहा डिसेंबरला वॉल्टरच्या क्लबची वार्षिक सभा आहे. क्लबमधला कुणी गेला की त्याच्या घरचा एक माणूस त्याचा पट्टा आणि पिस्तूल कमरेला बांधून रेघेवर उभा राहतो. पिस्तूल उपसायचा इशारा म्हणून समोरचा दिवा लागतो, वेळ मोजणारं वरचं घड्याळ सुरू होतं, आणि तो पिस्तूल काढत नाही. एक मिनिट घड्याळ तसंच पळू देतात, मग घरच्याने ते बंद करायचं. ह्यांचं एवढंच मागणं होतं. तुझ्या सभेत ह्यांना कुणी ओळखलं नाही, निदान तिथे ओळखतील.

पेटी परत आण. लोभ आहे म्हणूनच एवढा संताप होतो आहे, हे समजण्याइतका तू मोठा झाला असशील.

शुभावहिनी


एडिसन
१७ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप शुभावहिनीस,

मोरेश्वरचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचं पत्र पोचलं, रागही पोचला.

पेटी माझ्याकडे नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती तुमच्याकडच्या पोलीस स्टेशनात नेऊन दिली. नष्ट करा म्हणून लिहून दिलं. तुमची संमती आहे असंही सांगितलं. ते खोटं होतं, आणि त्याबद्दल पाया पडून माफी मागतो. पण दिल्याबद्दल मागत नाही.

तुम्हाला हसायचं असेल तर पुढचं वाचा. पेटी उघडल्यावर तिथल्या ऑफिसरचा चेहराच बदलला. पिस्तुलाच्या नळीवर, मुठीवर लाल सुकलेले डाग. त्याने मला बसवून घेतलं आणि हे रक्त कुणाचं असं शांतपणे विचारलं. मी म्हटलं कुंकू आहे, दसऱ्याला आम्ही पूजा करतो. कशाची पूजा, असं त्याने विचारलं. शस्त्रांची, म्हटल्यावर त्याने आणखी दोघांना बोलावलं. तीन तास मी तिथे होतो. माझ्या लॅपटॉपलाही कुंकू लागलेलं आहे, असं सांगून मी प्रकरण आणखी चिघळवलं. शेवटी डाग लॅबकडे तपासायला गेले. रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला: हळद आणि चुना. म्हणजे तुमच्या सुदैवाने पिस्तूल अजून वितळवलेलं नाही. महिनाअखेर जाईल. मी ते थांबवणार नाही.

आता माझा राग ऐका. सहा वर्षं तुम्ही कुणी ऐकलेला नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये दीपाच्या शाळेत गोळीबार झाला. माझी मुलगी, सव्वीस वर्षांची, बावीस लहान मुलांना घेऊन रंगांच्या आणि कागदांच्या कपाटात चाळीस मिनिटं बसली. मुलांनी रडू नये म्हणून त्यांच्या तोंडावर तिने आळीपाळीने हात ठेवला. तिच्या शाळेचा पहारेकरी गेला. तो रोज तिची गाडी बर्फातून ढकलायचा. आजही दार आपटलं की दीपा खाली बसते, आणि बसल्यावर हसून आम्हाला सॉरी म्हणते. ते सॉरी मला ऐकवत नाही.

तुम्ही दोघं तेव्हा फ्लोरिडाच्या जत्रेत होतात. मी तुम्हाला मेसेज केला. संध्याकाळी क्लबच्या पेजवर त्या दुपारचा फोटो पाहिला. रेघेवर दादा उभा, हॅट घातलेली, हात पिस्तुलापाशी. वेळही खाली लिहिलेली होती. माझी मुलगी कपाटात होती तेव्हा तो स्टेजवर होता. त्याने शो कॅन्सल केला नाही. त्याच रात्री फोनवर मी त्याला सांगितलं की तू गोळ्या झाडणाऱ्या त्या माणसासारखाच आहेस, फक्त तुझ्या गोळ्या मेणाच्या आहेत. मग मीच फोन ठेवला.

तरी मी दरवर्षी दसऱ्याला आलो. लॅपटॉपवर फूल वाहिलं, पिस्तुलावर कधी वाहिलं नाही. तुम्ही ते पाहिलं असेलच. सभेत दोनशे माणसं होती, पहिल्या रांगेत दीपा होती. तिच्यासमोर मी पिस्तुलाचं कौतुक करायला हवं होतं का? फोटो कापला, हो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा कापीन.

दादाने मला वडील गेल्यावर वाढवलं, हे मी विसरलो नाही. म्हणूनच जास्त लागलं. लोभ कमी झाला असेल तर तसं कळवा, आशेवर ठेवू नका.

तुमचा
मोरेश्वर


श्रूजबरी
२२ नोव्हेंबर २०२५

चि. मोरेश्वर यास,

आशीर्वाद. हळद आणि चुना वाचून मी हसले, आणि मग हसल्याचाच राग आला.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आता मी जे लिहिणार आहे ते न सांगण्याचं वचन ह्यांनी माझ्याकडून घेतलं होतं. ते मी मोडते आहे. माणूस गेल्यावर वचन किती दिवस पाळायचं याला शास्त्र असेल, मी वाचलेलं नाही.

त्या दुपारी तुझा मेसेज आला तेव्हा हे रेघेवर पोचले होते. मी पहिल्या रांगेत होते. दोरीपाशी धावत गेले आणि दीपाच्या शाळेत गोळीबार चालू आहे, ती आत आहे, एवढं ओरडून सांगितलं. ह्यांना ऐकू गेलं, आणि तेवढ्यात समोरचा दिवा लागला.

ह्यांनी पिस्तूल काढलं नाही, मोरेश्वर. तुझ्या त्या फोटोत हात पिस्तुलापाशी आहे ना? पुढच्या क्षणी तो हात बाजूला गेला आणि परत तिथे आला नाही. वरचं घड्याळ पळत राहिलं, दारावरच्या पाटीएवढे लाल आकडे. निवेदक म्हणाला की ट्रिमला डुलकी लागली. लोक हसले. मग शिट्ट्या, मग आरडाओरडा. कुणीतरी कागदी ग्लास फेकून मारला, तो ह्यांच्या छातीवर लागला आणि सगळं सरबत सांडलं. हे हलले नाहीत. माझ्या हातातल्या फोनकडे बघत उभे राहिले. वॉल्टर हाताला धरून खाली न्यायला आला, त्यालाही नको म्हणाले. अकरा मिनिटं. मग तुझा दुसरा मेसेज आला की दीपा बाहेर आली, आणि मी हात वर केला. तेव्हा ह्यांनी जाऊन स्वतःच्या हाताने घड्याळ बंद केलं, पट्टा सोडला, आणि मंडपामागे जाऊन ओकले.

त्यानंतर ह्यांनी पट्टा कधीच बांधला नाही. संधिवात झाला असं सगळ्यांना सांगितलं, तूही लिंबू-मधाचा उपाय सुचवला होतास. क्लबमधली ती मिनिटभर घड्याळ पळू द्यायची पद्धत कुठून आली असं तुला वाटतं? वॉल्टरने त्या दिवसानंतर सुरू केली.

रात्री तुझा फोन आला. तू जे बोललास ते मला शेजारी बसून ऐकू येत होतं. मी फोन हिसकावून घेणार होते, ह्यांनी माझा हात दाबून धरला. तू ठेवल्यावर मी खूप भांडले. तर हे म्हणाले की मोरूचं बरोबर आहे, कमरेला ते बांधून मी तिथे उभा होतोच. आणि त्याला आज रागवायला कुणीतरी हवं आहे, ज्याच्यावर रागवायचं तो मरून पडला आहे, तर मी आहे. मोरूला खरं सांगितलंस तर त्याचा राग जाईल आणि मग तो कोसळेल, असंही म्हणाले. मी गप्प बसले. सहा वर्षं तू दसऱ्याला लॅपटॉपवर फूल वाहून पिस्तूल ओलांडलंस, आणि हे तुला श्रीखंडाचा आग्रह करत राहिले. मला तुझा राग आहेच, पण ह्यांचा त्याहून जास्त आहे. एवढं मोठं मन दाखवताना माझं काय होत होतं ते एकदाही विचारलं नाही.

आता काय करायचं ते ऐक. सोबत माझं सहीचं पत्र आहे. वॉल्टरकडे सगळे परवाने आहेत, तो पिस्तूल ताब्यात घेईल. तू त्याच्याबरोबर पोलिसांत जायचंस आणि माझ्या नावाने खोटं बोललो होतो असं तोंडाने सांगायचंस. सहा तारखेला पट्टा तू बांधायचास. तूच. मी येणार नाही. ते घड्याळ मी एकदा पळताना पाहिलं आहे, पुन्हा बघवणार नाही.

नाही म्हणायचं असेल तर पत्र पाठवू नकोस, आणि यापुढे दसऱ्यालाही येऊ नकोस.

शुभावहिनी


एडिसन
८ डिसेंबर २०२५

तीर्थरूप शुभावहिनीस,

मोरेश्वरचा शिरसाष्टांग नमस्कार.

पोलिसांत गेलो, खोटं बोललो होतो म्हणून सांगितलं. तोच ऑफिसर होता. त्याने मला दहा मिनिटं सुनावलं, ते मला आवश्यकच होतं. लॅबने नळीवरचं कुंकू खरवडलं होतं, मुठीवरचं राहिलं होतं. वॉल्टरने ते पुसलं नाही.

तुमचं पत्र दीपाला वाचून दाखवलं. सहा तारखेला सकाळी ती गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होती. मी नको म्हटलं. तिथे पिस्तुलंच पिस्तुलं असतील, असं सांगितलं. तिने मला बाजूला सरकवलं आणि गाडीत जाऊन बसली.

दादाचा पट्टा मला सैल झाला. वॉल्टरने आरीने एक भोक पाडून दिलं. पट्ट्याच्या कप्प्यात एक सुपारी निघाली, ती माझ्याकडेच ठेवली आहे. हॉलमध्ये ऐंशी-नव्वद माणसं होती. मी रेघेवर गेलो तेव्हा सगळ्यांनी हॅट्स काढल्या. आपल्या हॉलमध्ये ज्या काढायला लावल्या होत्या, त्याच हॅट्स. मला मान वर करवेना.

दिवा लागला, घड्याळ सुरू झालं. एक मिनिट झालं की बंद करायचं होतं. मला पाऊल उचलता आलं नाही. दोन झाली, चार झाली. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही, तरी पाचव्या मिनिटाला पट्टा सोडून पळून जावंसं वाटलं. दादाने हे शिट्ट्यांमध्ये केलं, अंगावर सरबत सांडलेलं असताना केलं, सदुसष्टाव्या वर्षी. सगळा वेळ मी त्याच्यावर चिडत होतो. का सांगितलं नाहीस, का मला सहा वर्षं मूर्ख राहू दिलंस, फोनवर एकदा तरी उलटून का ओरडला नाहीस. तुमच्यावरही चिडत होतो. पिस्तुलांवर तर अजूनही चिडलेलो आहे, ते मरेपर्यंत जाणार नाही आणि जाऊ देणारही नाही.

पहिल्या रांगेत दीपा होती. अकरा मिनिटं झाली तेव्हा ती उभी राहिली आणि तिने हात वर केला. मग मी जाऊन घड्याळ बंद केलं.

परत येताना गाडीत मीच रडत होतो, दीपा ड्राइव्ह करत होती. दादाने बरोबर ओळखलं होतं. राग गेल्यावर मी कोसळणार होतो, तसा कोसळलो आहे. वहिनी, रागवायला माझ्याकडे आता कुणी उरलं नाही. दादाचा न कापलेला फोटो मंडळाच्या पुढच्या अंकात देतो आहे. खाली काय लिहायचं ते तुम्ही सांगा, नाट्यगीतं मी काढतो.

फोन उचलू नका. असंच पत्र लिहा, आणि लोभ नंतर, आधी राग असू द्यावा. मला रागवणारं माणूस घरात आता तुम्हीच उरलात.

तुमचा
मोरू