हात धुवा, मग शिवा

प्रिय यशोदासिस्टर,

काल तुमच्या शोकसभेत जो तो उठून तुमच्या शिस्तीचे गोडवे गात होता. त्या पाटीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही! माझा जीव नुसता तडफडत होता. चारचौघांत बोलायला जमलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

मांडीचं हाड मोडून बाबा परतवाडा रस्त्यावरच्या तुमच्या वृद्धाश्रमाच्या दवाखान्यात खाटेवर पडून होते, आठवतं? पडून पडून टाचेला जखम झाली. पेनिसिलीन टोचून टोचून बाबा कावले, पण जखम चिघळतच गेली. शेजारच्या खाटांवरही तेच. डॉक्टर म्हणाले, "हे जंतू आता पेनिसिलीनला जुमानत नाहीत. आणि एका जखमेतून दुसरीत ते आपल्याच हातांनी जातायत. असंच चाललं तर पाय कापावा लागेल."

आपल्याच हातांनी! आम्ही भेटायला येणारे ओळीनं सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाया पडत जायचो. केवढं पुण्य वाटायचं!

डॉक्टरांनी दाराला लावायला पाटी करून आणली, 'रुग्णांना शिवू नये.' तुम्ही ती वाचलीत आणि टेबलावर पालथी ठेवलीत.

"मले काढून टाका, सर. हा शब्द मी जन्मापासून ऐकून राहिली. माह्या हातानं तो दारावर लावनार नाही."

"मग जंतू कसे थांबवणार?"

"लोकायले हात धुवाले लावतो. मंग शिवू द्या न!"

काय तुमचा दरारा, सिस्टर! दाराशी साबण, बादली, आणि लोट्यानं हातावर पाणी घालायला तुम्ही स्वतः. दुसऱ्या खाटेपाशी जायचं तर परत धुवा. आमचे मोठे काका भडकले, "मी काय विटाळ घेऊन आलो काय?"

"विटाळ नाही काकाजी, जंतू. ते जात पाहत नाहीत. धुवा!"

आणि काकांनी तुमच्या हातचं पाणी मुकाट्यानं घेतलं.

एक तक्रार आहे. स्वतःचे हात साबणानं पार भेगाळले होते, तिकडे बघायचं होतं ना! खोबरेल दिलं की म्हणायचात, "ठेव बाई, मंग लावतो." कधी लावलंत?

बाबांचा पाय वाचला. ते काठी टेकत घरी आले. हेच बाबा तुमच्या वस्तीतल्या माणसाला आमचा ओटा चढू देत नसत. तुम्हाला ते ठाऊक होतं, तरी त्यांची जखम रोज तुम्हीच धुतलीत. कसं जमलं हो तुम्हाला? मला नसतं जमलं.

आता त्या दाराशी कोणी नाही. रविवारी जाऊन मी उभी राहते, असं सकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "मलेही ने. साबण तू दे. पाणी मी घालतो, कोणीही येवो."

येतो आम्ही दोघं. दर रविवारी, नक्की.

तुमची,
सुधा