मिटलेला अंगठा

पौड, ता. मुळशी
१२ ऑगस्ट

चि. जुईलीस अनेक आशीर्वाद.

आज दिवसभर पाऊस. सकाळी दूध आलं नाही. शेजारची साळूबाई अळूची पानं देऊन गेली, बाई लई वाळलात म्हणाली. दुपारी तुझं पत्र मिळालं.

इतिहासाच्या प्रकल्पासाठी पहिल्या महायुद्धाची कारणं विचारली आहेस. वर्गात मी ती पाच बोटांवर शिकवायचे. चार बोटं म्हणजे मूळ कारणं: शस्त्रस्पर्धा, गुप्त करार, वसाहतींची हाव, राष्ट्राभिमानाचा अतिरेक. अंगठा म्हणजे तात्कालिक कारण. एवढं लिहिलंस तरी गुण मिळतील.

तुझी,
अनसूया आजी


मारुंजी
१८ ऑगस्ट

ती. आजीस सा. न. वि. वि.

पैकीच्या पैकी गुण मिळाले. आमच्या बाई तुझ्याच विद्यार्थिनी निघाल्या, उत्तर कुणाचं ते लगेच ओळखलं!

आता खरं विचारते. दोन परक्या देशांच्या युद्धात बाबांचं जहाज बुडालं. आपलं त्यात काय होतं? आई म्हणते, बाबा ती फेरी सोडणार होते, पण तुझ्याशी फोनवर बोलले आणि गेले. तू काय सांगितलंस? मी रागावलेली नाही. आई मात्र नीट जेवत नाही.

पत्र नक्की पाठव, हातचं राखून लिहू नकोस.

तुझी जुई


पौड
२४ ऑगस्ट

चि. जुईस अनेक आशीर्वाद.

दोनदा लिहून फाडलं.

तुझ्या बाबाने, कौस्तुभने फोनवर विचारलं होतं, आखातातून जहाज न्यायचंय, युद्ध पेटेल का, तू तर हेच शिकवलंस. मी बोटं मोजली. शस्त्रं होती, करार होते, तेलाची हाव होती, द्वेष होता. चारही बोटं उघडी. अंगठा तेवढा मिटलेला. मी म्हटलं, तात्कालिक कारण नाही, असं वर्षानुवर्षं चालतं, जा तू. तो हसून म्हणाला, मग अंगठ्यावर लक्ष ठेव.

अकराव्या दिवशी एका बंदरात कुणी एका अधिकाऱ्याला मारलं. टीव्हीवर बातमी पाहून माझ्या तोंडून वर्गातल्यासारखं निघालं, हे तात्कालिक. जहाज तोवर आखातात शिरलं होतं.

चार बोटं उघडी असली की अंगठा कुठलाही चालतो, हे मीच छत्तीस वर्षं मुलांना सांगत आले. पोटच्या मुलाला सांगायचं राहिलं. हल्ली घास उचलला की अंगठा दिसतो आणि हात ताटावरच राहतो.

हे पत्र आईला वाचून दाखव. तिला काय वाटेल ते वाटू दे, तू तिची समजूत घालू नकोस. गणपतीला आलात तर खोली झाडून ठेवली आहे.

माया उरली तर असू दे.

तुझी,
आजी

ता. क. डिंक वाळून गेलाय. दुपारच्या भाताची चार शितं घेतली आहेत. अंगठ्याने दाबून पाकीट बंद करते आहे.