काठाला टांगलेली कानडी

अण्णा,

आज वह्या घ्यायला गेले होते आणि रिकाम्या पिशवीनं घरी आले. या वयात बाई बाजारातून रिकामी परत आली की घरातले आधी तब्येत विचारतात. सुनेनंही तेच केलं, पाणी आणून दिलं, पंखा लावला. तिला काय सांगणार, की माझं भांडण तुमच्याशी चाललंय आणि तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. सोमवारी माझं कॉलेज सुरू होतंय. धारवाडला, बीए, इतिहास घेऊन. दहावी आणि पीयूसी, म्हणजे इथली बारावी, दोन्ही मी बाहेरून दिल्या, घरी बसून, कानडी गाईडं वाचून, कुकरच्या शिट्ट्या मोजत. पेपर तपासणाऱ्याला माझं तोंड दिसलं नाही आणि मला त्याचं, त्यामुळे दोघांचं बरं निभावलं. आता वर्गात बसायचंय. शेजारी पोरी असणार, आणि शेजारच्या वहीत डोकावल्याशिवाय पोरींना चैन पडत नाही, हे मी शाळेत सातवीपर्यंतच बसले असले तरी मला पक्कं ठाऊक आहे.

झालं असं, की गेल्या आठवड्यात कॉलेजात फॉर्म भरायला गेले. कानडी फॉर्म, ठिपक्यांच्या रेघा. मी चष्मा पुसून, सावकाश, एकेक अक्षर नीट काढून भरला आणि खिडकीत दिला. खिडकीतली बाई माझ्या धाकट्या मुलाच्या वयाची असेल. तिनं फॉर्म पाहिला, मग मला पाहिलं, मग परत फॉर्म पाहिला. "अज्जी, तुमचं नाव तुमच्या वडिलांच्या जागी पडलंय," म्हणाली. मला कळेना. तिनं बोट ठेवून दाखवलं. माझं नाव माझ्या रेघेवर नव्हतंच, रेघेच्या खाली लोंबत होतं, वडिलांच्या नावाच्या रकान्यात. तुमचं नाव आईच्या रकान्यात, आईचं पत्त्यात, आणि पत्ता सहीच्या जागेत घुसलेला. अख्खं घर एक पायरी खाली उतरलं होतं. "गेरी म्याल बरीरी," म्हणाली ती. रेघेच्या वर लिहा. वाईट नाही बोलली, दुसरा फॉर्मही दिला. पण रांगेतली मागची पोरगी फिस्सकन हसली, आणि ते हसू मी बसमध्ये, स्वयंपाकघरात, अंथरुणावर, सगळीकडे बरोबर घेऊन हिंडतेय.

मराठी अक्षर रेघेला टांगायचं असतं, कानडी अक्षर रेघेवर बसवायचं असतं. एवढी साधी गोष्ट. हुबळीत जन्म गेला, कानडीत भाजी घेतली, कानडीत भांडले, सून कानडी आणली, तिच्याशी अर्धं कानडी अर्धं मराठी बोलते, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या हाताला माहीत नाही. डोक्याला माहीत आहे. हात ऐकत नाही. आणि हात कुणी वळवला, अण्णा?

दाजिबान पेठेतलं आपलं भांड्यांचं दुकान आठवतं का, हे तुम्हाला विचारणं म्हणजे खुळेपणा. उजव्या हाताला घागरींची चवड, वर टांगलेल्या कढया, आणि पायरीपाशी गोणपाटावर मी. सातवी झाली आणि मराठी शाळा संपली. पुढची शाळा कानडी. तुम्ही जेवता जेवता आईला म्हणालात, "कानडी शाळेत हिचा निभाव लागायचा नाही." मी भात वाढत होते. झालं, तेवढ्यात ठरलं. दुसऱ्या आठवड्यात मला दुकानात बसवलंत, नावं घालायला. छिन्नी आणि लहान हातोडी, टिकटिक टिकटिक, ठिपक्याला ठिपका लावत 'यांजकडून सप्रेम भेट'. मराठी नावं मला सहज जमली. भांड्याचा काठ हीच रेघ, तिच्याखाली अक्षरं टांगत जायचं.

मग कलघटगीचा तो पाहुणा आला, लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला. चिठ्ठी कानडीत होती. तुम्ही कानडी वाचायचात, पण नाव घालायचं म्हटलं की तुमचा हात अडखळायचा. चिठ्ठी माझ्यापुढं ठेवलीत आणि म्हणालात, "चित्र समजून काढ. तुला चित्रं येतात की." निभाव लागायचा नाही म्हणणारे तुम्हीच, आणि महिन्याभरात अख्खं कानडी माझ्या मांडीवर आणून ठेवणारेही तुम्हीच. या गोष्टीचा मला तेव्हा राग आला नाही. आता येतो, आणि असा येतो की भाजी करपते.

मी चित्रं काढली. कानडी अक्षराच्या डोक्यावर तुऱ्यासारखी बारीक खूण असते, मला वाटलं हीच याची शिरोरेषा. तो तुरा धरला आणि काठाला टांगला. एकेक अक्षर वाळत घातल्यासारखं. पाहुण्यानं तपेलं उजेडात फिरवून पाहिलं. "मालक, आमची अक्षरं तुमच्याकडं येऊन लोंबायला लागली की," म्हणाला. तुम्ही हसलात. "भांड्याला काठ वरच असतो साहेब, खाली कुठं बसवणार?" तोही हसला, भांडी बांधून घेऊन गेला, आणि पुढच्या लग्नाला भावालाही घेऊन आला. त्या दिवसापासून कानडी नावं माझी झाली. 'इवरिंद' हा शब्द मी जितका लिहिला असेल तितकं माझ्या स्वतःच्या कुंकवाच्या धन्याचं नावसुद्धा कधी लिहिलं नसेल. इवरिंद म्हणजे यांजकडून. माझं तेव्हाचं सगळं कानडी म्हणजे माणसांची नावं आणि पुढं इवरिंद. कोणाकडून काय आलं एवढंच मला लिहिता यायचं.

पण मी आंधळी नव्हते, अण्णा. बसच्या पाट्या बघायची, दुकानांचे फलक बघायची. एक दिवस माझ्या लक्षात आलं, की ही अक्षरं टांगलेली नाहीत, बसलेली आहेत. मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच दिसलं. इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी एका घागरीवर मी खिळ्यानं आधी खाली बारीक रेघ ओढली आणि नाव तिच्यावर बसवलं. सरळ, ऐटीत बसली सगळी. तुम्हाला दाखवायला घेऊन आले. तुम्ही अक्षरं बघितलीच नाहीत. तुम्हाला ती रेघ दिसली. "नव्या घागरीला ओरखडा पाडलास? हे आता पुसायचं कशानं?" आणि गिऱ्हाइकासमोर, "हिला अक्कल येईपर्यंत माझं दुकान मोडीत निघेल." मी चिंच लावून घासली, राखेनं घासली. पितळेवरची रेघ जाते होय कुठं. त्यानंतर मी परत कधी खाली रेघ ओढली नाही. काठाला टांगत राहिले, लग्न होईपर्यंत, आणि लग्नानंतरही सणावारी माहेरी आले की. मला योग्य ते सापडलं होतं आणि ते तुम्ही घासायला लावलंत. हे मला तुम्हाला सांगायचं होतं. सांगितलं.

म्हणून मी ठरवलं, की रेघेची कटकटच नको. कोरी वही घ्यायची. कोऱ्या पानावर कोण बसलंय आणि कोण लोंबतंय, कुणाला कळणार? दुर्गदबैलाजवळच्या मोठ्या दुकानात गेले. दुकानदार पोरगेलासा, बोलायला गोड. "अज्जी, नातू कितवीला?" "नातू नाही, मीच." त्यानं मान हलवली, जशी काही रोजच येतात माझ्यासारख्या. "काय दाखवू?" "कोऱ्या वह्या. बिनरेघी." त्यानं चित्रकलेची वही काढली, मुखपृष्ठावर हत्ती फुगा धरून उभा. म्हटलं, बाबा, इतिहास शिकायचाय. मग प्रॅक्टिकलची वही काढली, एक पान कोरं, एक रेघांचं. म्हटलं, हे म्हणजे निम्मी अब्रू राखायची आणि निम्मी घालवायची. त्याला काही कळलं नाही. "लाँग बुक घ्या की अज्जी, सगळे तेच घेतात, रेघा छान आहेत." रेघा छान आहेत म्हणे. मला त्या रेघांवर तिथंच हातोडी मारावीशी वाटली. "बिनरेघी का हवीय पण?" असं त्यानं सरळ विचारलं, आणि मागं दोन पोरी पेनं निवडत होत्या. मला खरं सांगता येईना. म्हटलं, "डोळ्यांना त्रास होतो." मग त्यानं डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

पेनांचंही तेच. पेन बघायला ठेवलेल्या कागदावर लिहून बघितलं तर हात आपोआप इवरिंद लिहून मोकळा. पहिल्या पेनचं टोक कागदात घुसलं, कागद फाटला. दुसऱ्यानं खालच्या तीन पानांवर अक्षरं उठली. पितळेवर दाबून दाबून हात असा झालाय, की लिहितो कमी आणि ठोकतो जास्त. "हळू अज्जी, पेन आहे," म्हणाला दुकानदार. त्यानं माझ्या हातचा कागद घेतला, शब्द वाचला, आणि विचारलं, "इवरिंद? कोणाकडून?" मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. वही नाही, पेन नाही, आणि दप्तर बघायचं तर राहूनच गेलं.

सुनेला संध्याकाळी चहा करताना निम्मं सांगितलं, फॉर्मचं. ती तारिहाळच्या कारखान्यात ऑफिसात असते, दिवसभर कॉम्प्युटरवर. म्हणाली, "अत्ती, वहीच कशाला? टॅब घ्या. बोटानं टाईप करायचं, अक्षरं आपोआप जागेवर बसतात." मला मोह झाला, खोटं का बोलू. मग मी तिला विचारलं, "परीक्षा?" "परीक्षा कागदावरच," म्हणाली. तीन वर्षं लपवायचं आणि परीक्षेत उघडं पडायचं. ती कपात साखर ढवळत होती. "तुम्हाला आजोबांनी शाळेतून काढलं नसतं ना, तर हे काहीच झालं नसतं," म्हणाली. माझी बाजू घेऊन म्हणाली हो, जीव आहे तिचा माझ्यावर. मी मान डोलावली. आणि मान डोलावताना मला माझीच लाज वाटली.

कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. मला दुकानात बसून वर्ष झालं असेल. माझ्या मराठी शाळेच्या बाई आल्या होत्या, काहीतरी डबा घ्यायला म्हणून, पण डबा त्यांनी बघितलाही नाही. तुम्हाला म्हणाल्या, मुलींच्या कानडी शाळेत अजून जागा आहे, हिला पाठवा, संध्याकाळी तासभर माझ्याकडं येऊ दे, कानडी मी बघते. तुम्ही हात फडक्याला पुसलेत. मग माझ्याकडं वळलात आणि विचारलंत, "जाशील का ग?" आवाज इतका मऊ होता तुमचा, की मला वाटलं भलत्याच कुणाला विचारताय. मी तपेल्यावर वाकले होते. वर न बघता मी म्हणाले, "नको." बाई परत एकदा म्हणाल्या, मी परत म्हणाले, नको. दुकानात मला सगळे म्हणायचे, काय सुरेख हात आहे मुलीचा. तिथं गेले असते तर शेवटच्या बाकावरची, लोंबत्या अक्षरांची मुलगी झाले असते. बाई गेल्या. तुम्ही परत कधी विचारलं नाहीत, आणि मीही काढलं नाही.

आणि मग पन्नास वर्षं मी जगाला सांगत राहिले, अण्णांनी शाळा सोडवली. नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं, सुनेला सांगितलं. कॉलेजात एका सरांनी विचारलं, शिक्षण का थांबलं, तिथंही तेच सांगितलं, आणि त्या सरांनी चुकचुक केली तेव्हा मला बरं वाटलं. तुम्ही निभाव लागायचा नाही म्हणालात ते खरं, माझी सरळ अक्षरं घासायला लावलीत तेही खरं, आणि त्याचा राग मी सोडणार नाही, तो माझा हक्काचा आहे. पण विचारलं होतंत.

उद्या परत जाणार आहे त्या दुकानात. रेघांची लाँग बुकं घेणार, कितीही नाक मुरडावंसं वाटलं तरी. पेन जाड टोकाचं. सोमवारी पोरी हसल्या तर हसू देत, मी शेजारणीलाच म्हणेन, बाई ग, एवढी ओळ बसवून दाखव मला. घरी सरावही करीन म्हणते, सुनेला समोर बसवून.

हे पत्र कपाटात साड्यांच्या खाली ठेवतेय. तुम्हाला ते मिळणार नाही याचं, खरं सांगू, मला थोडं बरं वाटतंय. मिळालं असतं तर तुम्ही एवढंच म्हणाला असतात, की मी विचारलं होतं की ग. सुनेला मात्र मी अजून सांगितलेलं नाही. तिच्या लेखी तुम्हीच वाईट आहात, आणि निदान या आठवड्यापुरतं मी तिला तसंच वाटू देणार आहे.